पेटीतला चित्रपट आणि पाड्यावरचा प्रेक्षक

रसिक : २०२७ साली 'जैत रे जैत'ला पन्नास वर्षं होतात. तोवर या चित्रपटाची घरी आणून जपता येईल अशी पूर्ण, देखणी आणि विश्वासार्ह आवृत्ती निघावी, एवढंच माझं मागणं आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी तो कसा पाहिलाय? कुणी दूरदर्शनवर, कुणी एसटी स्टँडबाहेर घेतलेल्या व्हीसीडीवर, कुणी मोबाइलवर, कोपऱ्यात कंपनीचं बोधचिन्ह शेवटपर्यंत चिकटलेलं. व्हीसीडीच्या चित्राची चौकट ३५२ बाय २८८ पिक्सेलची. लिंगोबाचा डोंगर, सुळक्याच्या कपारीतली आग्या माश्यांची पोळी, अंगावर येणारं आभाळ हे त्या चौकटीत मावणार कसं? माशीनं डोळा घालवल्यावर चित्रपटाचा नायक नाग्या त्या सुळक्याशी वैर धरतो. तो सुळका केवढा आहे हेच आपल्याला दिसलं नाही, तर त्याची जिद्द कळायची कशी? गाणी मात्र घरोघर पोचली, कारण त्यांच्या ध्वनिमुद्रिका नीट निघाल्या. हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत आणि महानोरांचे शब्द लोकांना पाठ आहेत. ज्या चित्रपटासाठी ते जन्मले, तो मात्र फार थोड्यांनी धड पाहिलाय. न्यूयॉर्कची क्रायटेरियन ही संस्था १९८४ पासून जुन्या चित्रपटांच्या अशा आवृत्त्या काढते. पहिल्याच वर्षी तिनं 'किंग काँग'च्या लेझरडिस्कवर अभ्यासकाचं भाष्य वेगळ्या ध्वनिपट्टीवर दिलं. उदय शंकरांचा १९४८ सालचा 'कल्पना' २०२२मध्ये तिच्याच एका संचात आला. 'जैत रे जैत'चीही मला तशीच आवृत्ती हवी : नीट जुळवलेले रंग, स्वच्छ आवाज, सोबत पुस्तिका, गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीपासून पटकथेपर्यंतचा प्रवास, त्या चित्रणात असलेल्यांच्या सविस्तर मुलाखती. स्मिता पाटील, निळू फुले, महानोर आता नाहीत. जी माणसं आहेत त्यांना आज विचारलं नाही तर पुढे विचारायला कुणी उरणार नाही.

साशंक : तुमची तळमळ मला कळते. पण मी डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर आयुष्यभर शिकवलंय, त्यामुळे माझा पहिला प्रश्न एकच असतो : हे कुणापर्यंत पोचणार? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्राचं काम सुरू केलं आणि १९५७मध्ये ते कोसबाडला आणलं. आमच्याकडची वारली मुलं शाळेत येत नसत. हातात गुरांची काठी आणि काखेत धाकटं भावंड असताना ती येणार कशी? मग या दोघींनी शाळाच कुरणावर नेली, बालवाडी अंगणात नेली. आज देशभर जिला अंगणवाडी म्हणतात, तिचं मूळ आमच्या या पट्ट्यात आहे. ज्याला आपल्यापर्यंत येता येत नाही त्याच्याकडे आपण जायचं, ही त्या टेकडीची शिकवण. तुमची पेटीबंद आवृत्ती नेमकी उलट्या वाटेनं जाते. चार-पाच हजार रुपये मोजा, डिस्क चालवणारं यंत्र शोधा, त्याला शोभेल असा टीव्ही घ्या, मग आदिवासींचा डोंगर तुम्हाला नीट दिसेल. तलासरीच्या पाड्यावर आज कुणाच्या घरात डिस्कचं यंत्र आहे? एकेकाळी होती ती व्हीसीडीची यंत्रंही अडगळीत गेली. तिथे चित्रपट पाहायचा तर मोबाइलवर, तोही डेटा पुरेल तितकाच. ज्यांच्यासारख्या माणसांची ही गोष्ट आहे, त्यांनाच तुमच्या योजनेत जागा नाही.

रसिक : बाई, स्वस्तात पोचवण्याचा प्रयोग आपल्याकडे होऊन गेलाय. २००७च्या सुमारास मोझर बेअरनं व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढल्या. चित्रपट वाण्याच्या दुकानापर्यंत गेले. पण त्या चकतीत होतं काय? कुठल्यातरी जुन्या टेपवरून उतरवलेलं चित्र, दोन्ही बाजूंनी कापलेली चौकट, श्रेयनामावलीसुद्धा कधी अर्धीच. २०१८ साली ती कंपनीच दिवाळखोरीत निघाली आणि त्या चकत्या रद्दीत गेल्या. स्वस्त प्रत लोकांपर्यंत गेली हे खरं, पण पोचलं ते चित्रपटाचं भूत. गरिबाच्या घरी वाईट प्रत गेली तर त्यात समता झाली असं मला वाटत नाही. मोबाइलवरचं पाहणं तर आणखी बेभरवशाचं. करार संपला की चित्रपट रातोरात नाहीसा होतो आणि तो का गेला हे प्रेक्षकाला कुणी सांगत नाही.

आणि मुळाशी आणखी एक गोष्ट आहे, तिच्यामुळे मला झोप लागत नाही. फिल्म मरते. १९५०च्या आसपासपर्यंत वापरली जाणारी नायट्रेट फिल्म पेट घेते. ८ जानेवारी २००३ला पुण्यात, जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारात, अशा रिळांच्या कोठाराला आग लागली आणि मूकपटांच्या काळापासूनचा ठेवा काही तासांत गेला. नंतरची अ‍ॅसिटेट फिल्म तशी सहज पेटत नाही, पण आतून कुजते. डबा उघडला की व्हिनेगरचा वास येतो, फिल्म आक्रसते, वाकडी होते. सत्तरच्या दशकातल्या रंगीत प्रिंटांमधला निळा आणि हिरवा रंग आधी उडतो, उरतो गुलाबी. रान ज्याचा प्राण आहे त्या चित्रपटातला हिरवा रंग उडाला तर काय राहिलं? चांगली आवृत्ती काढायची म्हटलं की कुणीतरी निगेटिव्हच्या डब्यापर्यंत जातं, तो उघडतं, तपासतं. एरवी तो डबा उघडायला निमित्तच नसतं. 'घाशीराम कोतवाल'चं घ्या. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून निघालेल्या तरुणांनी सहकारी तत्त्वावर विजय तेंडुलकरांच्या नाटकावरून १९७६मध्ये तो केला. पुण्याच्या इतिहासावरचा तो चित्रपट आपल्याला पुन्हा नीट पाहायला मिळाला तो बर्लिनच्या आर्सेनाल संस्थेनं आपल्याकडची प्रिंट जपून तिचं डिजिटायझेशन केलं म्हणून. आपलं आपण जपायचं की दुसऱ्यांनी जपलेलं परत मागायचं, हे आपणच ठरवायचंय.

साशंक : मग जपणुकीचंच नाव घ्या की. त्यासाठी पेटी कशाला हवी? 'श्यामची आई' १९५३चा. राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळवणारा पहिला चित्रपट. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयानं तो दुरुस्त केला आणि २०२३ साली गोव्याच्या इफ्फी महोत्सवात मोठ्या पडद्यावर दाखवला. कुणाही संग्राहकाच्या मागणीवाचून, सरकारी खर्चानं हे झालं. श्याम बेनेगलांच्या 'मंथन'चं उदाहरण तर मला त्याहून मोलाचं वाटतं. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून १९७६मध्ये तो काढला. जवळपास पन्नास वर्षांनी फिल्म हेरिटेज फाउंडेशननं तो दुरुस्त केला, तेव्हाही त्याच शेतकऱ्यांच्या महासंघानं पैसा उभा केला. २०२४च्या जूनमध्ये तो देशभरच्या चित्रपटगृहांत पुन्हा लागला. ज्यांची गोष्ट, त्यांचा पैसा, आणि पाहायचं तेही सगळ्यांनी एकत्र बसून. पूर्वी सरकारी प्रसिद्धी खात्याची गाडी गावात यायची, दोन खांबांना पांढरा कपडा ताणायची आणि अख्खा पाडा खाली बसायचा. चित्रपट असा पाहायचा असतो. तुमच्या पेटीत तो एका माणसाच्या दिवाणखान्यात, दार लावून पाहिला जातो.

आणि उत्तम आवृत्ती निघाली म्हणजे त्या कलेचं भलं होतं, हे मला आमच्या तालुक्यात राहून मान्य करता येत नाही. वारली चित्राचं काय झालं ते पाहा. लग्नाचा चौक सुवासिनी भिंतीवर लिहायच्या. गेरू आणि शेणानं सारवलेली भिंत, तांदळाचं पीठ, बांबूची काडी, आणि शेजारी धवलेरी लग्नाची गाणी गात असायची. लग्न झालं, पाऊस आला, भिंत नव्यानं सारवली, की चित्र गेलं. पुढल्या लग्नात पुन्हा. १९७०च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी गंजाडला आले, जिव्या सोमा मशे यांच्या हातात कागद आला, आणि तिथून ती रेषा जगभर गेली. मशेंना २०११मध्ये पद्मश्री मिळाली, त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण आज ती रेषा हॉटेलच्या भिंतीवर, कपावर, उशीच्या अभ्र्यावर आहे आणि काढणाऱ्या बहुतेक बायांची नावं कुणाला ठाऊक नाहीत. चित्र विकलं गेलं, पण गाणं आणि लग्न मागेच राहिलं. पेटीबंद आवृत्तीचं हेच होईल अशी मला धास्ती आहे. बाहेर सुंदर पुठ्ठा आणि आत कुणाचं तरी रान, त्या माणसांशिवाय.

रसिक : भिंत आणि कागदाची गोष्ट तुम्ही काढलीत, पण मी तिच्याकडे दुसऱ्या बाजूनं पाहतो. मशेंच्या हातून भिंतीवर जे उमटलं ते गेलं. त्यांची मासेमारीची जाळी, त्यांची वारुळं, मुंग्यांची रांग आज पाहता येते ती कागदावर उरली म्हणून. अभ्र्यांचा बाजार झाला यात दोष आहेच, पण तो कागदाचा नाही. उलट मूळ चित्रं जपलेली आहेत म्हणूनच अभ्र्यावरची नक्कल किती पोकळ आहे हे कुणालाही दाखवता येतं.

आणि मला जी आवृत्ती हवी आहे तिचा पुठ्ठ्याशी संबंध नाही. भांडारकर संस्थेनं १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं. ते १९६६पर्यंत चाललं. सुकथनकरांनी आणि त्यांच्या मागून आलेल्यांनी काश्मीरपासून केरळपर्यंतच्या पोथ्या गोळा केल्या, ओळीओळीचे पाठभेद लावले. एकोणीस खंड निघाले. हे खंड किती घरांत विकत घेतले जातील असा हिशेब कुणी केला नाही. गावोगावी महाभारत सांगणाऱ्या कीर्तनकाराच्या पिशवीत ते नव्हतेच. पण आज कुणी स्वस्त भाषांतर काढतो, कुणी मुलांसाठी गोष्टी लिहितो, तेव्हा भरवशाचा पाठ कुठला हे त्याला तिथे पाहता येतं. चित्रपटालाही असा एक भरवशाचा पाठ लागतो. नेमकी लांबी किती, कुठल्या प्रिंटमधून काय कापलं गेलं, रंग कसा होता. तो एकदा ठरला की मग तुमच्या पाड्यावर कपडा ताणून दाखवा, मोबाइलवर फुकट द्या. पण निदान जे दाखवाल ते 'जैत रे जैत' असेल.

साशंक : हे तुमचं आतापर्यंतचं सगळ्यात वजनदार म्हणणं, आणि मी ते मानते. पुठ्ठ्यावरचा माझा राग मी मागे घेते. पण तुम्हीच भांडारकरचं नाव काढलंत, तर त्याच कसोटीवर बोलू. तिथे काश्मीरची शारदा लिपीतली पोथी आणि केरळातली मल्याळम लिपीतली पोथी यांना मान होता. पुण्याच्या पंडिताच्या मताला त्या पोथ्यांपुढे वाकावं लागे. तुमच्या आवृत्तीत पोथ्या कोणाच्या? दांडेकरांची, दिग्दर्शक जब्बार पटेलांची, सतीश आळेकरांच्या पटकथेची, मंगेशकरांची. ज्यांची ही गोष्ट आहे त्या ठाकर आदिवासींची पोथी कुठे आहे? चित्रपटभर ठाकर गातात, नाचतात, ढोल वाजवतात, भगत म्हणून बोलतात, पण शब्द महानोरांचे, सूर हृदयनाथांचे, चेहरे मोहन आगाशे, निळू फुले आणि स्मिता पाटील यांचे. हे सगळे थोर कलावंत. मला स्वतःला ती गाणी ऐकताना भरून येतं. तरी प्रश्न उरतोच. 'आक्रोश' आठवा, १९८०चा, गोविंद निहलानींचा, लेखन तेंडुलकरांचं. त्यातला लहान्या भिकू जवळजवळ अख्खा चित्रपट मुका आहे. ते मौन मुद्दाम योजलेलं होतं आणि ते भयंकर परिणामकारक आहे. पण त्या चित्रपटाची आवृत्ती काढून तिच्यावर दोन तासांचं भाष्य मुद्रित केलं, तर बोलणार कोण? पुन्हा वकील, पुन्हा लेखक, पुन्हा समीक्षक. लहान्या भिकू दुसऱ्यांदा मुका.

आमच्या शाळेत एकदा मुलांनी 'जैत रे जैत'चा काही भाग पाहिला. पाहून झाल्यावर एका मुलीनं विचारलं, "बाई, ही माणसं कुठल्या पाड्याची?" मी सांगितलं, ही ठाकर आहेत, तिकडे कर्नाळ्याच्या बाजूची. ती म्हणाली, "मग त्यांना विचारलं का, असं असतं का?" मला उत्तर देता आलं नाही.

रसिक : त्या मुलीनं विचारलेला प्रश्न कुठे नोंदवता येईल, याचाच मी विचार करतो आहे. तिकीटबारीवरच्या चित्रपटात त्याला जागा नाही. पांढऱ्या कपड्यावर दाखवताना कुणी उठून बोललं तर ते त्या रात्रीपुरतं. पण डीव्हीडीच्या रचनेतच आठ ध्वनिपट्ट्यांची आणि बत्तीस उपशीर्षकांची सोय असते, आणि ब्लू-रेवर तर त्याहून जास्त. चित्र तेच, आवाज वेगवेगळे. एका पट्टीवर मूळ चित्रपट. दुसरीवर दिग्दर्शक. तिसरीवर कर्नाळ्याच्या परिसरातली ठाकर माणसं, चित्रपट पाहता पाहता बोलणारी. हा ढोल असा धरत नाहीत. भगत असं बोलत नाही. पोळं काढायला असं कुणी चढत नाही. किंवा, हे मात्र अगदी आमच्यासारखं आहे. चिंधी नवऱ्याला सोडून नाग्याकडे येते, त्यावर तिथल्या म्हाताऱ्या बायका काय म्हणतील हे मला फार ऐकावंसं वाटतं. तिथे आपल्या टीकाकारांपेक्षा वेगळं काहीतरी निघेल. आणि चौथी पट्टी वारली बोलीत असू द्या, तुमच्या मुलांसाठी. मोठ्या पडद्यावर एका वेळी एकच आवाज ऐकता येतो. अनेकांनी बोलावं आणि कुणाचा आवाज कुणी पुसू नये, अशी सोय घरच्या आवृत्तीतच आहे. तुमचा आक्षेप आवृत्तीच्या आत आला, तर ती पुरी होईल.

साशंक : ऐकायला गोड आहे, पण ते आत घालू देणार कोण? आपल्या कायद्यानं चित्रपटाचे हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं चालतात. म्हणजे 'जैत रे जैत' २०३७ अखेरपर्यंत हक्कदारांच्या हाती. दांडेकर १९९८मध्ये गेले, कादंबरीचे हक्क त्यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षं, म्हणजे २०५८पर्यंत. महानोर २०२३मध्ये गेले, त्यांच्या शब्दांचे २०८३पर्यंत. हे सगळे हक्क ज्यांच्याकडे आहेत ते सुवर्णमहोत्सवी आवृत्ती गौरवासाठी काढतील, आणि तसं वाटणं स्वाभाविक आहे. त्यात 'हे असं नसतं' म्हणणारी पट्टी ते ठेवतील का? ठेवली तरी बोलणाऱ्या ठाकरांना काय मिळेल? मानधनाचं पाकीट आणि पुस्तिकेच्या शेवटी आभार? की दिग्दर्शकाच्या बरोबरीनं लेखक म्हणून नाव?

रसिक : बरोबरीनं नाव. त्याखेरीज मी त्या पट्टीला हात लावणार नाही. आणि हक्कांचा अडसर असेल तर जिथे तो नाही तिथून सुरुवात करू. प्रभातचा 'संत तुकाराम' १९३६चा, म्हणजे चित्रपट म्हणून तो आता मोकळा आहे. १९३७ला व्हेनिसला त्याचा गौरव झाला. दामले-फत्तेलालांचं दिग्दर्शन, विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम. त्याच्या एका पट्टीवर देहूचा कीर्तनकार बोलेल, दुसरीवर वारीत चालणारी एखादी बाई तुकारामाच्या बायकोबद्दल, जिजाईबद्दल बोलेल. मला खात्री आहे, जिजाईच्या बाजूनं ती असं काही सांगेल की आपल्याला चित्रपट नव्यानं दिसेल. असा एक नमुना समोर आला की पुढच्या हक्कदाराला तो दाखवता येईल. अडचण आहे ती सामग्रीची. हक्क मोकळे असले तरी चांगली प्रिंट संग्रहालयात असते, आणि ती मिळवायला संस्थेचं बळ लागतं.

साशंक : 'तुकाराम'ला माझी हरकत नाही, पण तुम्ही सोपं टोक धरलंत. वारकऱ्याकडे गाथा आहे, छापखाना आहे, कीर्तनाचं व्यासपीठ आहे. त्याचं म्हणणं चित्रपटात आलं नाही तरी ते हरवत नाही. ठाकराकडे यातलं काय आहे? आणि आमच्या वारल्यांकडे? १९४५ साली आमच्या तलासरीतल्या झरी गावी वारली जमले आणि वेठबिगारीला नाही म्हणाले. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो'मध्ये ते सगळं लिहून ठेवलं. उद्या माझ्या शाळेतल्या त्याच मुलीनं विचारलं की आमचा असा कुठला चित्रपट पेटीत ठेवायचा, तर तुम्ही कुठलं नाव सांगाल?

रसिक : नाव लगेच सुचत नाही.

साशंक : मग माझा खरा प्रश्न पैशाचा आहे आणि तो मी थेट विचारते. समजा कुणा दात्यानं एकाच कामापुरती रक्कम दिली. ती निगेटिव्ह स्कॅन करायला लावायची, की डहाणू-तलासरीच्या धवलेऱ्या आज जे गातात ते चांगल्या कॅमेऱ्यावर, त्यांच्या अटींवर, त्यांच्या नावानं टिपायला? तुमची आवृत्ती जे होतं ते वाचवते. मी जे टिपायचं म्हणते ते अजून एकदाही नीट टिपलेलं नाही.

रसिक : निगेटिव्हला. मी हे जड मनानं सांगतो, पण सांगतो. तो चित्रपट झाला आहे, शेकडो माणसांच्या कष्टांतून झाला आहे, आणि तो डब्यात दर पावसाळ्यात थोडा थोडा संपतो आहे. एकदा गेला की कितीही पैसा आला तरी पुन्हा होणार नाही. धवलेरीचं गाणं तिची सून शिकते, नात शिकते.

साशंक : शिकत होती. आता लग्नात डीजे लागतो. माझ्या ओळखीच्या ज्या बाईला धान्यदेवी कणसरीची लांब कहाणी अखेरपर्यंत येते, तिच्या घरात ती पुढे घेणारं कुणी नाही. तुम्ही निगेटिव्हसाठी जे जे सांगितलंत, तिच्यासाठीही मला तेच सांगायचंय. फक्त तिची काळजी घेणारं संग्रहालय नाही, आणि तिच्यासाठी पैसे मोजायला तयार असलेला संग्राहकही नाही. तुमच्यासारख्या माणसानं तो व्हावं, म्हणून मी इतका वेळ भांडते आहे.

रसिक : होईन. पण निगेटिव्ह सोडून होणार नाही.

साशंक : मग त्या दात्याकडे आपण दोघंही जाऊ, आणि आपलं एकमत झालेलं नाही हेही त्याला सांगू.